टाळ्या, थाळ्या आणि सुखोई!

लॉकडाऊनमधल्या एका रविवारी आमची अख्खी चाळ गच्चीवर जमली होती... विमानं बघायला! शो काही सेकंदांत संपला. त्याचा हँगओव्हर मात्र अजून उतरलेला नाही.

खरं सांगा, तुम्हीही थाळी वाजवली होतीत ना? अहो, लाजायचं काय त्यात! २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता अख्ख्या देशाने वाजवली. आमच्या गिरगावच्या चाळीत तर एका काकांनी माळ्यावरून थेट गणपतीतली झांज काढली होती. मग ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे. तेही आपण लावले. आणि मग आला तिसरा इव्हेंट, जो बऱ्याच जणांच्या आठवणीतून चक्क गळून पडलाय.

३ मे २०२०, रविवार. त्या दिवशी हवाई दल उडालं होतं. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, पोलीस, सफाई कामगार... थोडक्यात, ज्यांना आपण तेव्हा ‘कोरोना वॉरियर्स’ म्हणायचो, त्यांना सलाम म्हणून. विमानं त्यांच्यासाठी होती, पण मान वर करून बघायला होतो आपण!

मीही होते. हातात मोबाइल, तोंडाला बाबांचा रुमाल आणि डोळ्यांत पाणी. हो, पाणी! त्या पाण्याविषयी बरेच दिवस लिहायचं होतं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहावी लागणार होती, म्हणून टाळत होते.

शुक्रवारची ब्रेकिंग न्यूज

आधी थोडी उजळणी. १ मे २०२०, शुक्रवार. महाराष्ट्राला साठ वर्षं पूर्ण झाली होती आणि झेंडावंदनाला जमायचीही सोय नव्हती. त्याच दिवशी केंद्र सरकारने लॉकडाऊन आणखी दोन आठवडे वाढवला. आणि संध्याकाळी टीव्हीवर तेव्हाचे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ जनरल बिपिन रावत आणि तिन्ही दलांचे प्रमुख एकत्र दिसले. चौघं एकत्र म्हटल्यावर आमच्या आजीने हातातली भाजी खाली ठेवली. ‘‘आता काय लढाई?’’

लढाई नव्हती. रविवारी हवाई दलाची विमानं श्रीनगरपासून तिरुवनंतपुरमपर्यंत आणि दिब्रुगढपासून कच्छपर्यंत उडणार होती. हेलिकॉप्टर्स कोविड हॉस्पिटल्सवर फुलं उधळणार, लष्कराचे बँड हॉस्पिटलसमोर वाजवणार आणि संध्याकाळी नौदलाची जहाजं समुद्रात दिवे लावणार. मुंबईत विमानं येणार होती मरिन ड्राइव्हवर. म्हणजे आमच्या चाळीच्या गच्चीवरून अगदी बाल्कनी सीट!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? पण तेव्हाचे दिवस आठवा. माझी पहिली नोकरी, लोअर परळची एक छोटी एजन्सी. ट्रेनी म्हणून लागून जेमतेम आठ महिने झाले होते आणि एप्रिलचा पगार अर्धा आला होता. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघं. कॉलवर असताना मागून कुकरची शिट्टी व्हायची आणि क्लायंट विचारायचा, ‘‘इज एव्हरीथिंग ओके?’’ काय सांगणार, डोंबल! डोक्याचं पार दही झालं होतं. सहा आठवड्यांत मी पाहिलेली सर्वात लांबची गोष्ट म्हणजे समोरच्या चाळीची गॅलरी. त्यामुळे ‘आकाशात काहीतरी होणार आहे’ एवढंच पुरेसं होतं.

शनिवारी आमच्या चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्लॅनिंग सुरू झालं. गच्चीची किल्ली कोणाकडे, पाण्याच्या टाकीवर कोणी चढायचं नाही, मास्क कंपल्सरी, सहा फुटांचं अंतर. कमिटीतल्या दादाने चक्क खडूने गोल काढले. जणू गोविंदाची प्रॅक्टिस!

ग्रुपवरचे एकतीस अंगठे

इथे मला ती दुसरी गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक सिस्टर राहतात. कोकणातल्या, कुडाळकडच्या. एका सरकारी हॉस्पिटलात नर्स. घरी सासूबाई आणि तेव्हा आठ वर्षांचा मुलगा. नवरा गावी गेलेला, तिथेच अडकलेला. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होत्या. सिस्टर रोज बेस्टने जायच्या आणि परत आल्यावर जिन्याखालच्या नळावर हातपाय धुऊन, चपला बाहेर ठेवून वर चढायच्या.

चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, पण टॉवरमधल्या मंडळींसाठी सांगते. आमच्याकडे संडास कॉमन. मजल्याच्या टोकाला चार, आणि खोल्या बारा. सकाळी रांग लागते. म्हणजे ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द आमच्यासाठी चंद्रावरच्या प्लॉटसारखा! भीती होतीच, आणि ती खोटी नव्हती. माझी आजी ऐंशीची, तिला दमा.

एप्रिलमध्ये कधीतरी त्या चारपैकी शेवटच्या संडासावर कागद चिकटला. ‘फक्त सिस्टर’. मग दूधवाल्याला कोणीतरी सांगितलं, की त्यांची पिशवी जिन्यातच ठेव. मग त्यांच्या मुलाला गॅलरीत क्रिकेटमध्ये घेणं बंद झालं. आणि मग ग्रुपवर एक मेसेज आला. भाषा अगदी सभ्य: ‘सिस्टरांनी स्वतःच्या व सर्वांच्या सुरक्षिततेसाठी काही दिवस हॉस्पिटलच्या निवास व्यवस्थेत राहावे, ही नम्र विनंती.’

खाली अंगठे पडत गेले. एकतीस. त्यातला एक माझा.

सिस्टर त्याच ग्रुपमध्ये होत्या. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

हे फक्त आमच्याच चाळीत घडत होतं असं नाही. देशभरातून इतक्या तक्रारी येत होत्या की २२ एप्रिलला केंद्राने थेट वटहुकूम काढला. १८९७ चा साथरोग कायदा बदलून आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला आणि छळ हा अजामीनपात्र गुन्हा झाला. गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे बघा, एकाच महिन्यात त्यांच्यासाठी दिवे लागले, त्यांना आपल्यापासून वाचवायला कायदा आला आणि पुढच्याच आठवड्यात फुलांची घोषणा झाली!

आले, आले, आले!

रविवारी सकाळी नऊपासूनच गच्ची भरायला लागली. चाळीसेक माणसं तरी असतील. मार्चपासून पहिल्यांदाच सगळे एकमेकांना पूर्ण उंचीचे दिसत होते. नाहीतर दारातून नुसतं डोकं दिसायचं. कोणाची दाढी वाढलेली, कोणाच्या केसांना बायकोने कात्री लावल्याचं स्पष्ट दिसतंय! एका काकूंनी थर्मासमधून चहा आणला होता. आजीला खुर्चीसकट वर आणलं होतं. दोघांनी थाळ्या आणल्या होत्या, हो, सवयीने. खडूचे गोल पहिल्या दहा मिनिटांतच पुसले गेले. कोणालाच कोणापासून लांब उभं राहायचं नव्हतं. खरं तर विमानं आली नसती तरी आम्ही तिथे दुपारपर्यंत थांबलो असतो.

आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या तशाच. चारही दिशांना माणसं, पाण्याच्या टाक्या आणि रंगीत रुमाल. एक मुलगा पलीकडच्या इमारतीवरून ओरडला, ‘‘आले का?’’ आमच्याकडून उत्तर गेलं, ‘‘अजून नाही!’’ ओळख ना पाळख, पण त्या क्षणी तो आमचा शेजारी होता.

आणि मग आवाज आला. आधी बारीक घरघर, लांबून टँकर यावा तशी. सगळ्यांनी समुद्राकडे बघितलं. मग तो आवाज एकदम फाटला. छातीत शिरला, पत्र्याची शेड थरथरली, कावळ्यांचा थवा उठला. आणि एका रचनेत सुखोई दिसल्या. राखाडी, टोकदार, इतक्या जवळ की मी खरंच मान खाली घातली! टाळ्या, शिट्ट्या, थाळ्या, ‘भारत माता की जय’. आजी दोन्ही हात जोडून बसली होती. पलीकडच्या गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ सॅल्यूट करून उभे.

आणि मी रडत होते. धाय मोकलून वगैरे नाही, पण रडत होते. का? देशप्रेम? असेल. अर्धा पगार? तोही असेल. पण मला वाटतं सहा आठवड्यांत पहिल्यांदा चाळीस माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघत होती आणि ती गोष्ट म्हणजे वाढणारा आकडा नव्हती. त्या दिवशी राज्यातल्या रुग्णांची संख्या तेरा हजारांच्या घरात पोहोचली होती. रोज रात्री आम्ही तो आकडा मॅचच्या स्कोअरसारखा बघायचो. त्या काही सेकंदांत कोणीच तो आठवला नाही.

व्हिडिओ मी काढला. सत्तेचाळीस सेकंदांचा. त्यात विमानं आहेत फक्त तीन सेकंद. बाकी सगळं आमचं आकाश, कोणाचा तरी कोपर आणि ‘‘अगं कुठे गेले?’’

कान फसवतात, राव!

या ‘कुठे गेले?’चं उत्तर मला नंतर एका इंजिनिअर मित्राने दिलं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. विमान तुमच्यापासून दीड किलोमीटरवर असेल, तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला चार सेकंदांहून जास्त लागतात. ताशी ५०० किलोमीटरने उडणारं विमान तेवढ्या वेळात सहाशे मीटर पुढे निघून जातं! म्हणजे जिथून आवाज येतो तिथे तुम्ही बघता, तेव्हा विमान तिथे नसतंच. फ्लायपास्टला अर्धी गर्दी चुकीच्या दिशेला मान वळवून उभी असते, ती यामुळे.

आणि एक आपल्या अभिमानाची गोष्ट. सुखोई-३० एमकेआय मूळ रशियन डिझाइनचं, दोन इंजिनांचं, दोन वैमानिकांचं विमान. पण हवाई दलाकडे आलेल्यांपैकी दोनशेहून अधिक विमानं तयार झाली आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात. पुण्याच्या लोहगावला त्यांचा तळ आहे. पुणेकर मैत्रिणीला मी गच्चीवरून फोन करून ‘‘अगं सुखोई बघितल्या!’’ म्हटलं, तर ती शांतपणे म्हणाली, ‘‘आमच्याकडे रोज असतात.’’ पुणेकर!

तिकडे जर्सी सिटीत

माझी मावसबहीण जर्सी सिटीत राहते. आयटीत आहे, एच-वन-बीवर. आमच्या पाच दिवस आधी, २८ एप्रिलला, तिने असाच प्रकार पाहिला होता. अमेरिकन नौदलाचे ‘ब्लू एंजल्स’ आणि हवाई दलाचे ‘थंडरबर्ड्स’, दोन्हींची मिळून बारा विमानं दुपारी बाराच्या सुमारास न्यूयॉर्क आणि नेवार्कवरून गेली. मग ट्रेंटन आणि फिलाडेल्फिया. मोहिमेचं नाव ‘अमेरिका स्ट्राँग’. एकट्या न्यूयॉर्क शहरात तोवर हजारो माणसं गेली होती.

आयोजकांनी स्पष्ट सांगितलं होतं की घरातूनच बघा, गर्दी करू नका. ऐकतंय कोण! ताई म्हणते, हडसनच्या काठावर माणसंच माणसं. कुत्री, बाबागाड्या, फोल्डिंग खुर्च्या. तीही गेली होती. महिनाभर तिच्या मनात एकच टेन्शन होतं: नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. आणि जायचं कसं? भारतात उतरणारी विमानं तर बंद!

‘‘विमानं आली तेव्हा सगळे ओरडत होते,’’ तिने मला सांगितलं, ‘‘पण माझ्या बाजूला एक बाई होती, पन्नाशीची. ती कानांवर हात ठेवून खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. तर म्हणाली, ‘मी २००१ मध्येही इथेच उभी होते.’’’

नदीपलीकडे, बरोब्बर समोर, वर्ल्ड ट्रेड सेंटरची जागा आहे. मॅनहॅटनवरून खालून उडणारी विमानं तिथल्या कित्येकांना वेगळंच काही आठवून देतात. एकच आवाज, पण कोणाला त्यात बँड ऐकू येतो, कोणाला स्फोट.

चौकट: कुठे कुठे उडाली?

• इटली: ‘फ्रेच्चे त्रिकोलोरी’ या टीमने २५ मे २०२० पासून देशभर फेरी मारली. पहिल्याच दिवशी तुरीनमध्ये लोकांनी चौकात तुफान गर्दी केली आणि त्यावरून वाद पेटला. शेवट २ जूनला, प्रजासत्ताक दिनी, रोममध्ये.

• कॅनडा: ‘स्नोबर्ड्स’ची मोहीम, नाव ‘ऑपरेशन इन्स्पिरेशन’. १७ मे २०२० ला कॅम्लूप्स इथून उड्डाण केल्यावर लगेच एक विमान वस्तीत कोसळलं. टीमच्या जनसंपर्क अधिकारी कॅप्टन जेनिफर केसी यांचा मृत्यू झाला. कारण? इंजिनात पक्षी शिरला. लोकांचं मन रमवायला निघालेल्या फेरीत एक जीव गेला.

• ब्रिटन-फ्रान्स: १८ जून २०२० ला ‘रेड अॅरोज’ आणि ‘पात्रुई द फ्रान्स’ लंडनवरून एकत्र उडाले. निमित्त मात्र कोविडचं नव्हतं, तर द गॉल यांच्या १९४० च्या रेडिओ भाषणाच्या ऐंशी वर्षांचं.

पैसा, पेट्रोल आणि पीपीई

तेव्हाही वाद झालाच. ‘एवढ्या पैशांत किती पीपीई किट आले असते?’ हा प्रश्न इथेही विचारला गेला, तिथेही. अमेरिकेत अधिकाऱ्यांचं उत्तर होतं, की ही उड्डाणं ठरलेल्या सरावाच्या तासांतलीच आहेत, वेगळा खर्च नाही. वैमानिकांना सराव लागतो, तो कुठेतरी करायचाच, मग शहरावरून केला तर बिघडलं काय? मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

पण मला हा हिशेब कधी नीट पटला नाही. म्हणजे दोन्ही बाजूंचा. कारण प्रश्न फक्त पेट्रोलचा असता तर सोपं होतं. आमच्या गच्चीवर कोणाचा एक रुपयाही खर्च झाला नव्हता. कृतज्ञता फुकट होती, म्हणून तर आम्ही इतकी भरभरून दिली! ज्यात काही पडत होतं, म्हणजे कॉमन संडास, जिन्यातला नळ, गॅलरीतल्या क्रिकेटमधली एक बॅटिंग, ती मात्र आम्ही हातची राखून ठेवली.

व्हिडिओतली दोन सेकंदं

त्या रात्री टीव्हीवर गेटवेसमोर उजळलेली नौदलाची जहाजं दाखवत होते. मी माझा व्हिडिओ स्टेटसला ठेवायला घेतला. ट्रिम करताना पाचव्यांदा बघितला, आणि तेव्हा दिसलं.

बाविसाव्या सेकंदाला माझा मोबाइल आकाशातून जरा खाली येतो. गच्चीचा दरवाजा दिसतो. दाराच्या आत, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सिस्टरांचा मुलगा उभा आहे. त्याच्या मागे आजी, खांद्यावर हात ठेवून. तो बाहेर आलेला नाही. दारासमोरची जागा रिकामी आहे. बाकी गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही आणि तिथे मात्र सहा फूट, अगदी मोजून. त्या दिवशी पाळलं गेलेलं एकमेव अंतर!

मुलगा टाळ्या वाजवतोय.

दोन सेकंदं. मग कॅमेरा पुन्हा वर जातो. म्हणजे मी तेव्हा त्याला पाहिलं असणार. मीच मोबाइल फिरवला होता ना!

मी ती दोन सेकंदं कापली आणि स्टेटस टाकलं. हार्टच्या इमोजीसकट. एकशे बारा जणांनी बघितलं.

‘मला नंबर लावायचा होता’

जुलैमध्ये बाबांना ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह. पालिकेची माणसं आली, मजला सील झाला, बांबू लागले. ज्यांनी सिस्टरांसाठी अंगठा दिला होता, त्यांच्यात आम्ही होतो. आता आमची दुधाची पिशवी जिन्यात यायला लागली.

पहिल्या रात्री अकरा वाजता दार वाजलं. सिस्टर. मास्क, हातमोजे, हातात ऑक्सिमीटर. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी बाबांना बोट पुढे करायला सांगितलं. ‘‘पंच्याण्णव आहे. घाबरू नका. दर चार तासांनी बघायचं नि लिहून ठेवायचं. ब्याण्णवच्या खाली गेलं तर मला उठवायचं, रात्र असली तरी.’’ मशीन आमच्याकडेच ठेवून गेल्या. बाबा घरीच बरे झाले. दुसऱ्या मजल्यावरचा ‘फक्त सिस्टर’ कागद पावसाने ओला होऊन कधी पडला, कोणालाच कळलं नाही. कोणी काढला मात्र नव्हता.

सील उठल्यावर मी ऑक्सिमीटर परत द्यायला गेले. दारात उभी राहून म्हटलं, ‘‘सिस्टर, एप्रिलमध्ये त्या मेसेजला मी पण अंगठा दिला होता.’’

‘‘माहितीय गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नावं दिसतात ना त्यात.’’

मग मला काही सुचेना, म्हणून विचारलं, ‘‘तुम्ही त्या दिवशी विमानं बघितलीत?’’

‘‘नाइट करून आले होते, झोपले होते. केवढ्याने दचकले! वाटलं, कोणाचा सिलिंडर फुटला.’’ हसल्या. ‘‘पण हॉस्पिटलमधल्या मुलींनी व्हिडिओ पाठवले. आमच्यातल्या दोघी-तिघी रडल्या चक्क. बरं वाटतं गो. आठ-आठ तास त्या किटमध्ये पाणी नाही, बाथरूम नाही, पेशंटला आपला चेहरा दिसत नाही. कोणी फुलं टाकली तर बरंच वाटणार. उगाच खोटं कशाला बोलू?’’

मी म्हटलं, ‘‘मग?’’

‘‘मग काय? त्याच दिवशी रात्री ड्युटीवर जाताना बसमध्ये एका बाईने माझा युनिफॉर्म बघितला नि उठून मागे गेली.’’ थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग संडासांच्या दिशेने मान हलवून म्हणाल्या, ‘‘मला वेगळा कशाला हवा होता? मला सगळ्यांसारखा नंबर लावायचा होता. डबा घेऊन, भांडत.’’

माफी मी मागितली. त्यांनी ‘‘चल, चहा घे’’ म्हटलं. त्याला माफ करणं म्हणतात की नाही, मला माहीत नाही. चहा मात्र घेतला. त्यांच्याच कपातून.

मरिन ड्राइव्ह, टेक टू

जानेवारी २०२४. बारा ते चौदा तारखेला हवाई दलाने मरिन ड्राइव्हवर एअर शो केला. दुपारी बारा ते एक. सूर्यकिरण, सारंग हेलिकॉप्टर्स, आकाशगंगाचे पॅराट्रूपर्स आणि हो, सुखोईसुद्धा. या वेळी गच्चीवर कोणी थांबलं नाही. आख्खं गिरगाव कठड्यावर उतरलं होतं. भेळवाले, टोप्या विकणारे, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. ऑफिसला दांडी मारून आलेले तुमच्या-माझ्यासारखे तर ढीगभर!

मी एकटीच गेले होते. आता नोकरी नाही, फ्रीलान्स आहे, त्यामुळे दांडी मारायला बॉसही नाही. गर्दीत कोणीतरी मागून पदर ओढावा तशी माझी ओढणी ओढली. सिस्टर! सोबत मुलगा. बाराएक वर्षांचा, मिसरूड फुटायला आलेली, माझ्याएवढा उंच. त्याने मला विमानांची नावं सांगायला सुरुवात केली. ते सूर्यकिरण, ते हॉक आहे, नऊ विमानांची टीम असते. मी विचारलं, ‘‘तुला २०२० ची विमानं आठवतात का रे?’’

‘‘थोडी,’’ तो म्हणाला. ‘‘जिन्यातून बघितली होती.’’

मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात तो आवाज आला. सगळ्यांनी चुकीच्या दिशेला मान वळवली. तो एकटा बरोबर बघत होता. मागून रेटा आला, कोणाचा तरी पाय माझ्या पायावर पडला, सिस्टरांचं कोपर माझ्या बरगडीत घुसलं आणि त्या पुढच्या माणसाला ओरडल्या, ‘‘ओ दादा, सरका की जरा, आम्हालाही बघायचंय!’’

तो माणूस काही सरकला नाही. कोणीच सरकलं नाही. सरकायला जागाच नव्हती.